कायदा दिल्लीचा, पोलीस म्हापशाचा

व्हिसाची मुदत संपलेला परदेशी माणूस मोरजीत किंवा हणजुणेत सापडला, की त्याला ठाण्यावर नेणारा पोलीस गोव्याचा असतो. मुळात हा विषय राज्याचा नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे नागरिकत्व, परकीय नागरिक, देशातला प्रवेश आणि देशाबाहेर काढणं हे सगळं केंद्राकडे आहे, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. मग केंद्राचं हे काम म्हापशाच्या हवालदाराकडे आलं कसं?

ब्रिटिशांनी १९४६ साली केलेला परकीय नागरिक कायदा स्वतंत्र भारताने तसाच चालू ठेवला. समोरचा माणूस परदेशी आहे हे सरकारने सिद्ध करायचं नाही, आपण परदेशी नाही हे त्यानेच दाखवायचं, ही तरतूद त्याच कायद्यातली. एवढे मोठे अधिकार असूनही ते राबवायला केंद्राकडे गावोगावी माणसं नव्हती. म्हणून १९५८ मध्ये घटनेच्या कलम २५८(१)चा आधार घेऊन परदेशी व्यक्तीला शोधून देशाबाहेर पाठवण्याचे अधिकार राज्य सरकारांकडे सोपवण्यात आले. केंद्रशासित प्रदेशांत हेच कलम २३९ खाली प्रशासकांमार्फत झालं. राज्यावर असं काम सोपवायला त्याची संमती लागते, हे त्या कलमातच लिहिलं आहे. पुढच्या काळात या संमतीची चर्चा फारशी कुणी केली नाही.

गोव्यात हा कायदा आला तो मुक्तीनंतर, आणि त्याची पहिली मोठी कसोटी लागली ती इथेच राहणाऱ्या एका धर्मगुरूवर. मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण आणि दीवच्या रहिवाशांना भारतीय नागरिक मानलं. ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना तसं जाहीर करायला एक महिना दिला. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं. परदेशी म्हणून त्यांची नोंद झाली आणि नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मुदतवाढ त्यांनी मागितलीच नाही. १९६५ च्या जूनमध्ये नायब राज्यपालांनी त्यांना देश सोडण्याचा आदेश दिला. त्यांनी तो मानला नाही, तेव्हा खटला भरला गेला आणि ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड झाला. आपण व्यापलेल्या प्रदेशातले रहिवासी आहोत, जिनिव्हा करारांचं संरक्षण आपल्याला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल कायद्याला धरून होता. पण 'परदेशी' ठरलेला माणूस आपल्याच गावातला असू शकतो, हे गोव्याने तेव्हाच पाहिलं.

आजही तेच आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. मात्र स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं जातं. सासष्टीतल्या एकाच घरात एक भाऊ भारतीय आणि दुसरा कायद्याने परदेशी, हे इथे कुणाला नवल वाटत नाही.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण-वागातोरला हिप्पी आले, ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं सुरू झाली, मग मोरजीत रशियन वस्ती वाढली. परदेशी पाहुणा उतरल्यावर २४ तासांत सी-फॉर्म, म्हणजे पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा अर्ज, भरायची जबाबदारी हॉटेलवाल्याची होती, तशीच खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाचीही. पैसे येत होते तोवर त्या फॉर्मकडे सगळ्यांनी काणाडोळा केला.

३१ ऑक्टोबर २०१३ ला पर्वरीत ते उघडं पडलं. पर्रा इथे झालेल्या एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी शव रस्त्यावर ठेवून महामार्ग अडवला. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी बेकायदा राहणाऱ्यांना हुडकून काढण्याचे आदेश दिले. ठाण्याठाण्यांतून पासपोर्ट तपासणी सुरू झाली, आणि खुनाच्या तपासाइतकंच महत्त्व व्हिसाच्या तारखेला आलं. मला ही सरमिसळ फार घातक वाटते.

पकडणं सोपं, परत पाठवणं कठीण. माणसाकडे पासपोर्ट नसेल तर तो आमचाच, असं त्याच्या देशाच्या दूतावासाने मान्य करावं लागतं, प्रवासाचे कागद द्यावे लागतात. अमली पदार्थांचा खटला चालू असेल तर निकालापर्यंत त्याला पाठवता येत नाही. जामिनावर सुटलेल्याचा व्हिसा त्या काळात संपतो. अशांना ठेवायला २०१९ मध्ये म्हापशात स्थानबद्धता केंद्र सुरू झालं. त्याआधी त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्नच होता.

अमेरिकेत याच वादाने न्यायालयं गाजवली. १९९६ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक पोलिसांना केंद्र सरकारशी करार करून हे काम घेण्याची मुभा दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोना राज्याच्या कठोर कायद्याची बहुतेक आव्हानित कलमं रद्द केली. तिथली शहरं नकार देऊ शकतात. आपल्याकडे नकाराची भाषाच नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व परकीय नागरिक कायदा लागू आहे. १९४६ च्या कायद्यासह जुने चार कायदे त्याने रद्द केले, मुदत उलटून राहणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड ठरवला, आणि हेड कॉन्स्टेबल व त्यावरच्या पोलिसाला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार दिला. ठाण्यावरच्या हवालदाराने कागद बघावेत, संशय आल्यास परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवावं, इथवर ठीक. माणूस कुठल्या देशाचा हे त्याने बोलीवरून ठरवायला लागू नये. मालीमच्या मासेमारी जेटीवर किंवा बांधकामावर राबणारा मजूर बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी होत नाही. तो पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचाही असतो. आणि जिच्यावर अत्याचार झाला त्या परदेशी बाईने तक्रार द्यायला आल्यावर पहिला प्रश्न व्हिसाचा ऐकला, तर ती पुन्हा ठाण्याची पायरी चढणार नाही. तक्रारदाराची तक्रार आधी नोंदवा, कागद नंतर बघा, एवढा लेखी आदेश काढणं राज्याच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.