प्रसादाचा शिरा: पोथीतलं केळं ते जी-नाईन

रोजचा नाश्त्याचा शिरा आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, जिन्नस बघितले तर एका केळ्याचा फरक, पण चव कुठल्या कुठे, आणि "एरवी घरी करून बघा, तशी चव येतच नाही, पूजा झाल्याशिवाय नाही" असं बोलणारं माणूस कोल्हापुरात प्रत्येक घरात एक तरी असतंच. पूजेच्या प्रभावाबद्दल मी वाद घालत नाही, पण तुपाबद्दल बोलते. रोजच्या शिऱ्यात आपण हात आखडता घेतो आणि प्रसादाला रवा तेवढं तूप तेवढीच साखर, सगळं सव्वाच्या मापानं, मग चव वेगळी लागणार नाही तर काय होणार. पण हे सव्वा आलं कुठून, केळं कुठून आलं आणि मुळात त्यात रवा तरी होता का, हे शोधायला लागलं की आपण ज्याला "परंपरेने चालत आलेला" म्हणतो त्या शिऱ्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस मधल्या काळात बदलून बसलाय असं दिसतं.

सुरुवात पोथीपासून. सत्यनारायणाची कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगतात, आणि पहिल्याच अध्यायात नैवेद्याची यादी येते, भटजी भराभर म्हणून पुढे जातात म्हणून आपलं लक्ष नसतं. रंभाफलं घृतं क्षीरं गोधूमस्य च चूर्णकम्. म्हंजे केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ. गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, आणि गोडाला साखर किंवा गूळ. आणि हे सगळं सपाद, सव्वा पट. बस्स. यात वेलदोडा नाही, केशर नाही, काजू-बेदाणे तर नाहीतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिजवा असंही कुठं म्हटलेलं नाही, सगळं एकत्र करून अर्पण करा एवढंच.

बंगालमध्ये आजही नेमकं तेच करतात. तिकडे सत्यनारायणाला आणि सत्यपीरालाही जी सिन्नी चढवतात ती म्हणजे पीठ, दूध, पिकलेलं केळं आणि गूळ किंवा साखर एकत्र कालवायचं, चुलीवर काही चढवायचं नाही. सत्यपीर हा हिंदू-मुसलमान दोघंही मानत आलेले, आणि आपल्याकडच्या सत्यनारायणाचं नातं त्या परंपरेशी लागतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आपल्याकडे ही पूजा घरोघरी पसरली तीही गेल्या दोन-अडीचशे वर्षांतच असं ते म्हणतात, त्यामुळे "आमच्याकडे हजार वर्षांपासून" वगैरे कुणी सांगायला लागलं की मी हसून दुसरी वाटी पुढे करते.

आता हीच यादी घेऊन प्रत्येक प्रांतानं आपापलं काहीतरी केलं. उत्तरेत पीठ तुपावर भाजून कोरडी पंजिरी करतात आणि पंचामृत वेगळं देतात. आंध्रात अन्नवरमला सत्यनारायणाचं मोठं देऊळ आहे, तिथला प्रसाद गव्हाच्या भरड रव्याचा, तुपातला, पानात बांधून मिळतो. आणि निपाणी-बेळगाव ओलांडून पुढे गेलात की कन्नड घरांत आपल्यासारखाच केळं घातलेला शिरा होतो, त्याला ते सरळ सपाद भक्ष्यच म्हणतात. कोल्हापूर या पट्ट्यातच बसतं, त्यामुळे आपला शिरा आणि त्यांचा शिरा चाखून वेगळा ओळखणं अवघडच.

तुपावर पीठ भाजायचं आणि गोड घालून आटवायचं ही पद्धत मात्र हलव्याच्या घराण्यातली. अकबराच्या काळात, १५९० च्या आसपास लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत हलव्याचं माप दिलंय, पीठ, खडीसाखर आणि तूप, प्रत्येकी दहा शेर. बघा, प्रमाण सारखंच, एकास एकास एक! पोथीतली कच्ची यादी आणि हलव्याची भट्टी कधीतरी एकत्र आली आणि त्यातनं आपला प्रसाद झाला असं मला वाटतं, कधी आणि कुठल्या गावात ते मात्र कोण सांगणार.

रव्याचं सांगायचं तर कोल्हापूर हा भात आणि ज्वारीचा मुलूख, गहू सणासुदीला. जो होता तो खपली, त्याची खीर लई भारी होते, अजूनही करतात. गिरणीचा पांढरा रवा पुडीतून यायच्या आधी गहू ओलवून, जात्यावर दळून, वस्त्रगाळ सपीट एकीकडे आणि रवा दुसरीकडे असं काढायला लागायचं, म्हंजे प्रसादाचा रवा हे बायकांचं आदल्या दिवसापासूनचं काम. पोथीत "गहू नसेल तर तांदूळ" ही सोय उगीच नाही ठेवलेली, आजरा-चंदगडकडच्या माणसाला ती एकदम पटेल.

साखरेची गोष्ट जास्त रंगतदार आहे, कारण आपण गुळाच्या गावातले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गुळाचा व्यापार डोळ्यासमोर ठेवूनच, राधानगरी धरणाचं कामही त्यांच्याच काळात सुरू झालं, ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. त्या काळात पांढरी साखर बहुतेक बाहेरची, जावाची नाहीतर मॉरिशसची, म्हणून जुनी माणसं तिला मोरस म्हणायची आणि काही घरांत देवाला ती चालायची नाही. १९३२ मध्ये सरकारनं साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, बाहेरच्या साखरेवर जकात बसली आणि देशभर कारखाने उभे राहिले, आपल्याकडेही आले. मग दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं लग्नकार्याला परमिट काढा, ओळखी शोधा असलं चालायचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी पेढे वाटले, पण प्रसादाच्या शिऱ्यात अजून पांढरी साखरच पडते. पोथी गुळाला परवानगी देते, आपणच देत नाही.

तुपाचंही तसंच झालं. १९३७ ला डालडा आला आणि मंडळाच्या, चाळीच्या मोठ्या पूजांना तो परवडायला लागला, त्या शिऱ्याचा टाळूला चिकटणारा थर ज्यांनी खाल्लाय त्यांना आठवत असेल. दुधाच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकर हट्टी. १९६३ मध्ये गोकुळचा दूध संघ झाला, पिशवी घरोघर आली, तरी गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारी माणसं आहेतच, आणि प्रसादाला म्हशीचंच दाट दूध पाहिजे असं म्हणणारीही आहेत. एक गंमत सांगते, चरकसंहितेत दुधाबरोबर खाऊ नयेत अशा फळांची यादी आहे आणि त्यात मोच आहे, मोच म्हणजे केळं असाच अर्थ बहुतेक लावतात. म्हंजे वैद्य नको म्हणतो आणि पोथी दोन्ही सव्वा सव्वा मागते. आपण शिकरण-चपातीवर वाढलेली माणसं, आपण कुणाचं ऐकलं हे सांगायला नको.

सव्वाचंही माप मधेच बदललं. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, त्यामुळे सव्वा शेर म्हणजे १ किलो १६६ ग्रॅम. १९५६ चा मापांचा कायदा आला, १९५८ पासून मेट्रिक वजनं सुरू झाली, १९६२ पर्यंत सगळीकडे सक्तीची झाली, आणि सव्वा शेराचं सव्वा किलो कधी झालं कुणाला कळलंही नाही. प्रत्येक जिन्नस ८४ ग्रॅमनी वाढला, देवाची काही तक्रार नसावी.

आता मुख्य पात्र, केळं. माणसानं केळीची लागवड करायला न्यू गिनीत सुरुवात केली त्याला सुमारे ७ हजार वर्षं झाली, आणि पुढे आग्नेय आशियातली एक रानटी जात आणि भारतातही सापडणारी दुसरी रानटी जात यांच्या संकरातून आपली बरीचशी देशी केळी झाली. वेलची केळं असं दोन्हीकडचं, राजेळीही तसंच. म्हणून त्यांना गोडाबरोबर थोडी आंबट चव आणि घट्ट गर असतो. आज गाड्यावर डझनावारी जे लांबडं पिवळंधमक केळं मिळतं ते कॅव्हेंडिश घराण्यातलं, पूर्ण एकाच रानटी जातीचं रक्त. या घराण्याला ज्या इंग्रज सरदाराचं नाव आहे त्याच्या काचघरात १८३० च्या दशकात हे झाड वाढवलं गेलं आणि तिथे रोप पोचलं होतं मॉरिशसवरून, म्हंजे मोरस साखर आणि हे केळं एकाच बेटाशी जोडलेले. आपल्याकडे आधी याच घराण्यातलं बुटकं बसराई चाललं, मग १९९० च्या दशकात जळगावकडून टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन, म्हणजे जी-नाईन, पसरलं आणि जवारी, म्हंजे देशी केळी मागे पडली.

शिऱ्यावर याचा परिणाम होतो. कच्च्या केळ्यात वजनाच्या साधारण वीस टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीची साखर झालेली असते. चेंबरमध्ये पिकवलेलं केळं साल पिवळी झाली की लगेच विकायला येतं, आत अजून स्टार्च शिल्लक असतो, आणि तेच तुपात टाकलं तर वास येत नाही, नुसता पिठूळ लगदा होतो. कपिलतीर्थ मार्केटला जवारी किंवा वेलची मिळाली तर तीच घ्या, नाहीतर जी-नाईन आणून सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत घरी ठेवा, पूजेच्या दिवशी सकाळी आणून चालत नाही.

घरी करताना केळं शेवटी कुस्करून वरनं घालायचं नाही. रवा तुपात मंद आचेवर अर्धा भाजला की चकत्या घालायच्या आणि रव्याबरोबरच भाजायच्या, केळ्यातली साखर तुपात तांबूस होते, आणि देवघरातनं बाहेर येणारा तो वास म्हणतात तो हाच. मग उकळतं दूध. इथे पोथीचं सव्वा माप कमी पडतं, रवा फुलायला दुप्पट तरी ओल पाहिजे, त्यामुळे सगळ्या बायका दुधाइतकंच गरम पाणी गुपचूप घालतात आणि माप सव्वाच होतं असं सांगतात. साखर रवा पूर्ण फुलल्यावरच, आधी घातली तर ती पाणी ओढून घेते आणि रवा कचकचीत राहतो. गूळ घालायची हिंमत असेल तर अजून थांबायचं, कारण गुळातल्या आंबटपणानं आणि क्षारांनी उकळतं दूध फाटतं. दूध सगळं जिरू द्यायचं, गॅस बंद करायचा, मग बारीक चिरलेला गूळ घालून झाकण ठेवायचं, पाच मिनिटांनी हलवायचं.