सेवा क्लब (बेळगाव सीमाभाग)

सेवा क्लब म्हणजे गावातली पंधरा-वीस ते शंभरेक माणसं एकत्र येऊन, स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून, पगार-मानधन काही न घेता ठरलेल्या दिवशी भेटतात आणि रक्तदान, डोळ्यांचा कॅम्प, शाळेला बाकं, पुराच्या वेळी मदत असली कामं करतात ती संघटना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात क्लब म्हटलं की रोटरी, लायन्स, जायंट्स, जेसीज आणि बायकांचं इनरव्हील ही नावं पटकन तोंडात येतात. (पत्त्यांचा क्लब वेगळा, त्याच्याबद्दल इथे काही नाही.) गल्लीतलं तरुण मंडळ आणि क्लब यात लोक गल्लत करतात, पण फरक मोठा आहे. मंडळाकडे पोरं असतात आणि नोंदी-हिशोबाची वही नसते, क्लबकडे वही असते आणि पोरं नसतात. म्हणून कॅम्पला खुर्च्या उचलायची वेळ आली की क्लबवाले मंडळाच्या पोरांनाच फोन लावतात, हे इथलं उघड गुपित आहे.

कुठून आले हे क्लब

रोटरी २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केली, सुरुवातीला मीटिंग आळीपाळीने प्रत्येकाच्या ऑफिसात फिरायची म्हणून नाव रोटरी. गंमत म्हणजे त्याच १९०५ साली टिळकांनी बेळगावात झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला, म्हणजे क्लब आणि मंडळ एका वयाचे. लायन्स १९१७ चा, मेल्विन जोन्सचा, आणि १९२५ साली हेलन केलरने त्यांच्या अधिवेशनात आंधळ्यांसाठी काम करा असं आवाहन केलं तेव्हापासून लायन्स आणि डोळे हे समीकरण झालं. इनरव्हील १९२४ साली मँचेस्टरला निघालं. जायंट्स मात्र आपल्याकडचं, १९७२ साली मुंबईत नाना चुडासमा यांनी काढलेलं. बायकांना रोटरी-लायन्समध्ये सरळ मेंबर व्हायला १९८० चं दशक संपत आलं तेव्हा वाट मिळाली. तोपर्यंत रोटरीत मेंबरची बायको ही ‘अ‍ॅन’ आणि पोरं ‘अ‍ॅनेट’, आणि हे शब्द अजूनही इथल्या आमंत्रण पत्रिकेत सापडतात, वाचून हसू येतं पण कुणी बदलत नाही.

बेळगावला स्वयंसेवकी काम क्लबांनी शिकवलं असं मात्र नाही. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष, गंगाधरराव देशपांडे यजमान, आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाच्या पोरांनी मांडवाची सगळी व्यवस्था बघितली. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. शेजारून जाणाऱ्या किती क्लब मेंबरांना हे ठाऊक आहे कुणास ठाऊक.

क्लबचं वर्ष आणि गावाचं वर्ष

क्लब कसा चालतो हे समजायचं असेल तर कॅलेंडर बघावं लागतं. रोटरी-लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, आणि प्रेसिडेंट एकाच वर्षाचा. हे ठरवणाऱ्यांना जांबोटी-कणकुंबीचा पाऊस माहीत नव्हता. जुलै म्हणजे भात लावणी, गुडघाभर चिखल, खानापूर तालुक्यातल्या निम्म्या वाड्यांना धड रस्ता नाही, आणि इकडे शहरात हॉटेलच्या हॉलमध्ये नव्या प्रेसिडेंटच्या गळ्यात पदाची कॉलर घालून टाळ्या चालूयत, व्हिजन सांगितलं जातंय. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतो, मेंबरातला निम्मा गल्लीच्या मंडळात अडकलेला. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड, मग दिवाळी. १ नोव्हेंबरला शहाणा सेक्रेटरी काहीच ठेवत नाही, कारण एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिन, रस्त्यावर पोलीसच पोलीस. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉज, हॉल, गाड्या सगळं बुक. मार्चमध्ये सीए, व्यापारी, बँकवाले गायब. एप्रिल-मे लग्नसराई, त्यात एखाद्या गावाची कित्येक वर्षांनी येणारी लक्ष्मी यात्रा असली तर बघायलाच नको, अख्खा तालुका जेवायला तिकडे, आणि वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ. जून उजाडला की शाळा सुरू, वह्या वाटप, फोटो, संपलं वर्ष.

म्हणजे हातात राहतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ, त्यातूनही सुगीचे दिवस वजा. बारा महिन्यांच्या प्रेसिडेंटकडे कामाचे जेमतेम तीन महिने असतात, आणि माझ्या मते इथल्या क्लबांचं निम्मं अपयश ह्या एका गोष्टीत आहे. ज्याला हे आधी कळतं तो निवड झाल्या झाल्याच डॉक्टर आणि गाव ठरवून टाकतो. रोटरीत ती सोय आहेच, पुढच्या वर्षीचे पदाधिकारी डिसेंबर संपायच्या आत निवडायचे असतात आणि होऊ घातलेल्या प्रेसिडेंटला ‘पेट्स’ नावाचं ट्रेनिंग करावंच लागतं. पण तिथून लोक बॅग आणि डायरी घेऊन येतात आणि जुलैपर्यंत गप्प बसतात.

मी दोन वर्षं सेक्रेटरी होतो, पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात जुलैत जांबोटीच्या पुढे एका वाडीत डोळ्यांचा कॅम्प लावला. डॉक्टर आले, टेबल लागली, दीडशे माणसांचा नाश्ता बांधून नेला होता, पेशंट आले चार, त्यातले दोघं आडोशाला पाऊस थांबायची वाट बघत उभे होते म्हणून आत घेतलेले. बाकी सगळं गाव लावणीला. शेवटी आम्हीच बांधावर जाऊन नाश्ता वाटला. तिथे एका बाईनं विचारलं, कशाचं कार्य हाय म्हणं? काय सांगणार.

पदं, वही आणि पैसा

बॅनरवर फोटो प्रेसिडेंटचा असतो पण क्लब चालतो सेक्रेटरीच्या वहीवर आणि ट्रेझररच्या तोंडावर. तोंडावर म्हणजे वर्गणी मागायला तोंड लागतं. आपल्याच धंद्यातल्या, आपल्याच नात्यातल्या माणसाला, तुझं सहा महिन्यांचं राहिलंय रे, म्हणून सांगणं सोपं नसतं. रोटरीत वरचा हिशोब डॉलरमध्ये येतो, वर्षातून दोनदा, १ जुलै आणि १ जानेवारीला जितकी माथी यादीत तितक्यांचे पैसे. म्हणून जून आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यादी छाटली जाते, वर्षभर तोंड न दाखवलेला मेंबर तेव्हा एकदम आठवतो आणि मग रुसवेफुगवे. पूर्वी दर आठवड्याला मीटिंग आणि हजेरीचा कडक नियम होता, चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ‘मेक-अप’ करायचा. २०१६ नंतर महिन्यातून दोन मीटिंग घेतल्या तरी चालतं असं झालं. सैल झालं ते बरं झालं असं म्हणणारे आहेत, पण दर आठवड्याला भेटणारी माणसं एकमेकांच्या घरच्या दुखण्यापर्यंत ओळखायची, ते कमी झालं हेही खरं.

लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचं एक मजेशीर पद आहे. त्याचं काम मीटिंगमध्ये कुणालाही कशावरूनही दंड ठोकायचा, नवी गाडी घेतली, मोबाईल वाजला, बायकोचा वाढदिवस विसरला, टाका पैसे. त्याला स्वतःला मात्र हजर असलेल्या सगळ्यांच्या एकमताशिवाय दंड करता येत नाही. चांगला टेल ट्विस्टर मिळाला की मीटिंगला माणसं आपोआप येतात, हे मी बघितलंय.

पैशाबाबत एक गोष्ट सगळ्यांनी पाळावी अशी आहे, ती म्हणजे दोन खाती. मेंबरांच्या वर्गणीतून चहा-नाश्ता, हॉलभाडं, छपाई. लोकांकडून कामासाठी जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात, आणि त्यातला रुपयाही क्लबच्या जेवणावर जाऊ द्यायचा नाही. जिथे ही दोन खाती एकत्र झाली तिथे दोन-तीन वर्षांत भांडण होऊन क्लब फुटतो आणि मग एका गावात दोन क्लब दिसायला लागतात, ‘मेन’ आणि ‘सेंट्रल’ छापाचे, आणि बाहेरच्याला वाटतं वा, काय सेवाभाव आहे. नोंदणी करायची तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली, दरवर्षी ऑडिट, देणगीदाराला करात सूट हवी तर आयकर खात्याची ८०जी मंजुरी. मोठं काम करायचं असेल, म्हणजे डायलिसिस मशिन वगैरे, तर रोटरीची ग्लोबल ग्रँट असते, पण त्याला किमान ३० हजार डॉलरचं बजेट आणि दुसऱ्या देशातला एक पार्टनर लागतो, कागदपत्रांत माणूस म्हातारा होतो.

कॅम्प

इथे सगळ्यात जास्त होतात ते रक्तदान आणि मोतीबिंदू कॅम्प. रक्तदानाचा साधा हिशोब म्हणजे १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांना तीन महिन्यांचं आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर. कॅम्प लावायचा तर लायसन असलेली ब्लड बँकच हवी. लोकांना वाटतं जितक्या बाटल्या जास्त तितका कॅम्प भारी, पण रक्त साठवून किती दिवस राहतं, साध्या पिशवीतलं पस्तीस दिवस आणि प्लेटलेट तर पाचच. शिवजयंतीला एका दिवशी चार ठिकाणी कॅम्प आणि पुढे महिनाभर कुणीच नाही, असं झालं की बँकवाले कपाळाला हात लावतात. म्हणून जरा जुने सेक्रेटरी तारीख ठरवायच्या आधी ब्लड बँकेला फोन करतात.

मोतीबिंदूचा कॅम्प जास्त माणसाचा असतो. शाळेच्या व्हरांड्यात रांग, पहिल्या टेबलावर नाव-आधार, दुसऱ्यावर बीपी-शुगर, तिसऱ्यावर डोळ्यात थेंब, मग अर्धा-पाऊण तास भिंतीला टेकून बसायचं, बाहुली मोठी झाली की डॉक्टर बघतात. निवडलेल्यांना बसने हॉस्पिटलला नेतात, ऑपरेशन, लेन्स, दुसऱ्या दिवशी काळा चष्मा घालून परत. शुगर वाढलेली निघाली की माघारी पाठवतात आणि तिथेच गोंधळ होतो. एका कॅम्पात एका आज्जीला विचारलं, सकाळी काय खाल्लंत? तर म्हणाली, भाकरी की, आन् यात्रेचं मांडं उरलं हुतं. गाव सोडून आली नव्हती कधी, शुगर तीनशेच्या वर. तिचं ऑपरेशन दीड महिना गोळ्या घेऊन मग झालं, आणि तो दीड महिना क्लबमधल्या एकानेच दर आठवड्याला जाऊन शुगर बघितली. वार्षिक अहवालात असली कामं येत नाहीत कारण त्याचा फोटो निघत नाही. मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा आणि पावसात काढायचा नाही, हे दोन समज अजून गावोगाव आहेत. आता पिकायची वाट बघावी लागत नाही, उलट फार पिकला तर काढायला अवघड जातं, हे आधी गावात जाऊन सांगावं लागतं. आशा कार्यकर्तीला धरलं तर काम होतं, नुसत्या पत्रकांनी होत नाही.

पोलिओचं नाव घ्यायलाच हवं. रोटरीनं १९८५ पासून ते काम धरून ठेवलं, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पल्स पोलिओच्या रविवारी बसस्टँडवर पिवळी टोपी घालून बसलेल्या मेंबरांपैकी कित्येकांचं क्लबमधलं सगळ्यात अभिमानाचं काम तेच.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कोल्हापूरची वाट तुटली, तेव्हा क्लबांनी सामान गोळा केलं. ढीग जमला तो जुन्या कपड्यांचा, फाटक्या साड्या, बटण नसलेले शर्ट. लागत होतं फिनेल, झाडू, जनावरांना वैरण, बायकांसाठी पॅड. ते मागायला लाजण्यात एक दिवस गेला, मग एका मेंबरच्या बायकोनं यादी हातात घेतली आणि सरळ होलसेलवाल्याकडे गेली.

भाषा आणि सीमा

क्लबची मीटिंग इंग्रजीत सुरू होते, जोक मराठीत होतात, तहसीलदार कचेरीला पत्र कन्नडमधून जातं. कन्नड लिहिणारा एक तरी मेंबर नसेल तर परवानगीसाठी चपला झिजतात. हॉस्पिटलचा संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, पेशंट फक्त मराठी वाचणारी किंवा काहीच न वाचणारी, म्हणून कुणीतरी शेजारी बसून ओळ न् ओळ सांगायची आणि मगच अंगठा घ्यायचा. हे काम घाईत उरकणारे मी बघितलेत, ते मला आवडत नाही. २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झाल्यावर बॅनर छापणाऱ्याला आता सांगावं लागत नाही, तोच मोजून देतो.

आणि एक मजा. ज्या सीमेवरून इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या चालूयत ती रोटरीच्या नकाशात नाहीच. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, धारवाड, गोवा सगळे एकाच डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये. डिस्ट्रिक्टचा प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, एका वर्षी इकडचा, दुसऱ्या वर्षी तिकडचा, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट बेळगावच्या कॅम्पला येतो तेव्हा कुणी त्याचं राज्य विचारत नाही, फक्त हॉस्पिटलचं सरकारी कार्ड चालेल का एवढाच घोळ होतो, कारण योजना राज्याप्रमाणे वेगळ्या.

चार्ज

जूनच्या शेवटी जुना सेक्रेटरी नव्याकडे पेटी देतो. पितळी घंटा, लाकडी हातोडी, कॉलरची डबी, चार्टरची (क्लबच्या मान्यतापत्राची) फ्रेम, मिनिट्सच्या वह्या, शिल्लक राहिलेले काळे चष्मे, आणि गुंडाळलेला जुना बॅनर. बॅनर चांगला असतो, टाकवत नाही, म्हणून वर्षाच्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवून नवा आकडा लिहितात. आमच्या बॅनरवर असे चार कागद एकावर एक आहेत आणि पावसात खालचे आकडे दिसायला लागतात.