हवेइतकेच वजन असलेले इंधन

ऑगस्ट १९२९ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ या जर्मन एअरशिपने, म्हणजे हलक्या वायूने तरंगणाऱ्या आणि इंजिनांनी चालणाऱ्या हवाई जहाजाने, पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यात फ्रीडरिक्सहाफेन ते टोकियो हा सुमारे ११ हजार किलोमीटरचा टप्पा ती सलग उडाली. तिची पाच मायबाख इंजिने चालत होती ती मुख्यतः ‘ब्लाउगास’ या वायूवर. एअरशिपमध्ये इंजिन आणि इंधनाच्या वजनाचे करायचे काय, या प्रश्नाचे हे उत्तर सापडायला पाऊण शतक लागले.

१८५२ मध्ये आंरी जिफारने पॅरिसहून वाफेच्या इंजिनाच्या एअरशिपमधून उड्डाण केले. तीन अश्वशक्तीसाठी इंजिन आणि बॉयलर मिळून दीडशे किलोंहून जास्त वजन, शिवाय कोळसा आणि पाणी. १८८४ च्या ‘ला फ्रान्स’ या एअरशिपला विजेची मोटर होती, पण नुसत्या बॅटऱ्याच चारशे किलोंच्या वर.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो पाउल हेनलाइन. १८७२ मध्ये ब्रनो येथे त्याने इंधनाचे वेगळे वजन नेलेच नाही. फुग्यात भरलेला कोळशाचा वायूच त्याने लेन्वार पद्धतीच्या, म्हणजे वायूवर चालणाऱ्या, इंजिनात जाळला. अडचण उघड होती: जो वायू उचलून धरतो तोच जळत होता. त्यात हा वायू हायड्रोजनपेक्षा जड, म्हणून उचल मुळातच कमी. चाचण्या दोर बांधूनच झाल्या आणि पैशाअभावी काम थांबले. तरीही वायुरूप इंधनाची त्याची दिशा बरोबर होती.

पुढे पेट्रोल आले. बॉयलर नको, पाणी नको, आणि किलोमागे उष्णता चांगल्या कोळशाच्या साधारण दीडपट. १८८८ मध्ये वोल्फर्टच्या एअरशिपवर डाइमलरचे पेट्रोल इंजिन बसले. १८९७ मध्ये बर्लिनजवळ त्याच्या एअरशिपने हवेतच पेट घेतला. त्यात तो आणि त्याचा यंत्रज्ञ दोघेही गेले.

पेट्रोल जळते तसे विमान हलके होते आणि त्याचा फायदाच होतो. एअरशिपचे तसे नाही. ती हलकी झाली की वर चढू लागते आणि तोल राखायला हायड्रोजन सोडावा लागतो: एक किलो पेट्रोलमागे जवळपास एक घनमीटर. लांबच्या प्रवासात हा तोटा फार मोठा.

आउग्सबुर्गचा रसायनशास्त्रज्ञ हेर्मान ब्लाउ याने खनिज तेलाला उष्णता देऊन बनवलेल्या वायूचे, म्हणजेच ब्लाउगासचे, वजन जवळजवळ हवेइतकेच होते. तो जळून गेला आणि त्याची जागा हवेने घेतली, तरी एअरशिपचे वजन फारसे बदलत नसे. ‘ग्राफ झेपेलिन’मध्ये तो हायड्रोजनच्या पिशव्यांखालच्या वेगळ्या पिशव्यांत भरलेला असे.

१९३६ च्या ‘हिंडेनबुर्ग’ने मात्र डिझेल निवडले, कारण ते सहज पेटत नाही. वजन भरून काढायला तिच्या पाठीवर पावसाचे पाणी गोळा करणाऱ्या पन्हळी होत्या.