मिश्रीची डबी आणि मिस्ड कॉल

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची. ही मिश्री. फोनवरून बायकांची तंबाखू सोडवायची म्हटलं की गाडी आधी अडते ती 'व्यसन' या शब्दापाशी. व्यसन म्हणजे दारू, गुटखा, विडी, म्हणजे पुरुषांचं काहीतरी. "तंबाखू खाता का?" विचारलं तर मिश्रीवाली बाई "नाही" म्हणते. ती खोटं बोलत नसते. ती खात नाही, लावते. कायद्यांचा हातही या डबीपर्यंत पोचला नाही. 1992 मध्ये टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली, 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. घरच्या तव्यावरची मिश्री दोन्हींतून सुटली. मुंबईत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणी धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली होती, तरीही.

15 जानेवारी 2016 रोजी केंद्राने एकाच दिवशी चार मोबाइल सेवा सुरू केल्या. त्यांतल्या दोन इथे महत्त्वाच्या. एक गरोदर बायकांसाठी: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन, कानाने ऐकायचे 72 निरोप. दुसरी तंबाखू सोडण्यासाठी: मिस्ड कॉल द्या, मग एसएमएस येत राहतील. पहिलीत समोरची बाई वाचू शकत नसेल, हे धरलं होतं. दुसरीत समोरचा माणूस फोनचा मालक आणि मेसेज वाचणारा. पुरुषांचं प्रमाण जास्त, असं समर्थन करता येतं. 2016-17 च्या पाहणीत देशात 42.4 टक्के पुरुष आणि 14.2 टक्के बायका तंबाखू घेत होत्या. पण बायकांपैकी 12.8 टक्के धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या होत्या, आणि 2019-21 मध्येही 15 ते 49 वयाच्या 54 टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता. सासूपासून लपवलेली डबी सोडायचे मेसेज नवऱ्याच्या फोनवर कसे मागवायचे? मला एसएमएसचा हा निर्णय आजही चुकीचा वाटतो.

2018 पासून मदतीचा टोल-फ्री नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापला जाऊ लागला. कागदाच्या पुडीत सुटी तंबाखू आणणारीला तो दिसतच नाही.

गरोदर बायकांची ती आवाजी सेवा महाराष्ट्रात आली फेब्रुवारी 2024 मध्ये. तंबाखूबद्दल बाईशी बोलायला इतकी सोयीची वाट दुसरी नाही. फक्त तिथे 'मिश्री' हा शब्द मराठीत, स्पष्ट उच्चारायला हवा.