व्हिक्टोरियन म्हणतात पण व्हिक्टोरियन वाटत नाही: एस्थेटिक फर्निचरची मागची गोष्ट

व्हिक्टोरियन फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर जाडजूड पायांचं, वेलबुट्टी कोरलेलं, चार माणसं लावल्याशिवाय न हलणारं कपाट. मुंबईच्या जुन्या पारशी घरांतलं काळंभोर शिसवी फर्निचर तसंच, इंच न् इंच कोरलेलं. पण त्याच राणीच्या काळात लंडनमध्ये एक फर्निचर असं निघालं की आज बघितलं तर वाटेल कुठल्यातरी जपानी आर्किटेक्टनं मागच्या महिन्यात डिझाइन केलंय. काळं, काटकुळं, सरळ रेघांचं, कोरीवकाम जवळपास नाहीच. याला एस्थेटिक मूव्हमेंटचं, म्हणजे सौंदर्यवादी चळवळीचं, फर्निचर म्हणतात, साधारण १८६० च्या दशकापासून १८८० च्या दशकाच्या शेवटापर्यंतचं.

हे आलं कुठून ते समजायला १८५१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा करून मोठं प्रदर्शन भरवलं, साडेपाच महिन्यांत साधारण ६० लाख लोकांनी भेट दिली. यंत्रांचं कौतुक झालं, पण ज्यांना डिझाइनमधलं कळत होतं त्यांनी कपाळाला हात लावला, कारण यंत्रानं नक्षी स्वस्त झाली होती आणि स्वस्त झाली म्हणून दिसेल तिथे थापली होती. गालिच्यावर खरी वाटावीत अशी फुलं, म्हणजे चालताना बागेतून तुडवत गेल्यासारखं. तिथून सुधारणेची भाषा सुरू झाली, कलाशिक्षण, म्युझियम वगैरे, आणि पुढे साउथ केन्सिंग्टनचं जे म्युझियम झालं (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) तेही त्याच खटाटोपातून.

पण नुसत्या उपदेशानं स्टाइल तयार होत नाही, डोळ्यांना काहीतरी नवीन दिसावं लागतं. ते १८६२ ला दिसलं. जपान नुकताच बाहेरच्या व्यापाराला उघडला होता आणि तिथले ब्रिटिश प्रतिनिधी रदरफर्ड अल्कॉक यांनी जमवलेल्या वस्तू त्या वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या, लाखेचं काम, चिनीमाती, छापील चित्रं. बघणारे येडेच झाले. रीजंट स्ट्रीटवरच्या एका दुकानानं त्यातला बराच माल उचलला आणि तिथे नोकरीला लागलेला आर्थर लिबर्टी नावाचा पोरगा हे सगळं बघत बघत शिकला आणि १८७५ ला त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकून बसला. पूर्वेकडचं रेशीम, पंखे, निळीपांढरी भांडी, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात ही फॅशन पोचवण्यात लिबर्टीचा हात मोठा. आपलं टसर पण यात आहे बरं का, इंग्लंडमधल्या लीक गावचा थॉमस वॉर्डल हे टसर रंगवायचा आणि छापायचा.

फर्निचरमधला खरा माणूस मात्र एडवर्ड विल्यम गॉडविन, मूळचा ब्रिस्टलचा आर्किटेक्ट. हा कधी जपानला गेला नाही. छापील चित्रांमधली घरं बघून, त्यातल्या उभ्या-आडव्या चौकटी बघून त्यानं स्वतःच्या डोक्यातला जपान तयार केला, आणि माझ्या मते म्हणूनच ते नक्कल न होता काहीतरी वेगळंच झालं. लंडनला राहायला आल्यावर १८६७ च्या सुमारास त्यानं स्वतःच्या घरासाठी फर्निचर आखलं, कोरीवकाम नको, मोल्डिंग नको, भरीव भाग आणि मोकळी जागा यांचा तोल साधला की बस. त्याचा साइडबोर्ड, म्हणजे जेवणाच्या खोलीतलं भांडी ठेवायचं बुटकं कपाट, प्रसिद्ध आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला नग महोगनीचा, काळा केलेला, चांदीचा मुलामा दिलेल्या कड्या, दारांत जपानी चामड्यासारखा उठावाचा कागद. विल्यम वॉटच्या कारखान्यात या वस्तू बनायच्या, १८७७ ला त्यांचा कॅटलॉग पण निघाला.

काळा रंग म्हणजे एबनी (आबनूसचं काळं लाकूड) असं समजू नका, खरं एबनी महाग. साध्या लाकडाला लॉगवूड नावाच्या लाकडाचा काढा लावायचा, त्यावर लोखंडाचा क्षार असलेलं पाणी, दोन्हीची रिअ‍ॅक्शन होऊन काळं पडतं, मग वरून फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण त्यात विरघळवलेली चपडा लाख मुख्यतः भारतातून जायची, आणि आपल्याकडचे पॉलिशवाले अजूनही स्पिरिटमध्ये चपडा भिजवून बोळ्यानं तेच करतात.

आता पीकॉक रूमची भानगड, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलँड, लंडनच्या घरात त्याला निळीपांढरी चिनी भांडी मांडायला डायनिंग रूम हवी होती. टॉमस जेकिल नावाच्या डिझायनरनं अक्रोडाच्या लाकडाची नाजूक शेल्फं केली, भिंतींना जुनं चामडं लावलं. रंगाबद्दल सल्ला द्यायला चित्रकार व्हिसलर आला आणि मालक गावाला गेल्यावर (हे १८७६ चं) त्यानं चामड्यासकट सगळी खोली निळीहिरवी-सोनेरी करून टाकली, मोरच मोर. वर पत्रकारांना बोलावून दाखवतोय! बिल मागितलं २००० गिनी, लेलँडनं दिले निम्मे आणि तेही पौंडात, म्हणजे गिनीमागे एक शिलिंग कापून. कलाकाराला गिनीत आणि कारागिराला पौंडात पैसे द्यायची तिथली रीत, त्यामुळे हा सरळसरळ अपमान. व्हिसलरनं मग भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी पडलेली. बिचारा जेकिल, त्याला वेड लागलं आणि १८८१ ला तो इस्पितळातच वारला. १९०४ ला अमेरिकेच्या चार्ल्स फ्रीअरनं ती अख्खी खोली विकत घेऊन आधी डेट्रॉइटला नेली, आता ती वॉशिंग्टनला त्याच्याच नावाच्या गॅलरीत आहे.

मोर, सूर्यफूल, लिली, बगळा, बांबू, टीपॉटपासून लोखंडी रेलिंगपर्यंत हेच सगळीकडे. आणि फॅशन झाली की टिंगल आलीच. पंच मासिकात व्यंगचित्रं, १८८१ ला 'पेशन्स' नावाचा संगीत विनोदी खेळ, आणि गंमत म्हणजे तो खेळ अमेरिकेत नेताना तिथल्या लोकांना ज्याची टिंगल चाललीय तो प्राणी कसा असतो ते कळावं म्हणून त्याच खेळाच्या निर्मात्यानं या फॅशनचा चेहरा झालेला लेखक ऑस्कर वाइल्ड याला १८८२ ला व्याख्यानं द्यायला पाठवलं. वाइल्ड वर्षभर फिरला आणि घरसजावटीवर बोलला.

अमेरिकेत हर्टर ब्रदर्स या कंपनीनं चेरीचं लाकूड काळं करून त्यात फुलांचं जडणकाम केलेलं महागडं फर्निचर बनवलं, व्हँडरबिल्टसारख्या गडगंज श्रीमंतांच्या घरांसाठी. स्वस्तातला प्रकार म्हणजे ईस्टलेक. चार्ल्स ईस्टलेकनं १८६८ ला घरसजावटीवर पुस्तक लिहिलं, सरळ रेघा, प्रामाणिक सांधे असा त्याचा आग्रह. अमेरिकन कारखान्यांनी त्याचं नाव घेतलं आणि यंत्रानं रेघोट्या पाडून वाटेल ते खपवलं, शेवटी त्याला लिहावं लागलं की बाबांनो याच्याशी माझा संबंध नाही. आजही तिथल्या अँटिक दुकानांत 'ईस्टलेक' लेबल लावलेलं जे दिसतं त्यातलं बहुतेक हेच.

मुंबईचा धागा छोटा आहे पण खरा आहे. १८७० च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरीनी मातीकामाला सुरुवात केली, आणि १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते, तर त्या लेण्यांतल्या आकृत्या या भांड्यांवर आल्या. ही बॉम्बे पॉटरी इंग्लंडला पण गेली, साउथ केन्सिंग्टनला तिचे नमुने आहेत. अजिंठ्याच्या नकलाही तिथेच पाठवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या.

१८९० नंतर ही सगळी स्टाइल जुनाट ठरली, १८९५ ला वाइल्ड तुरुंगात गेल्यावर तर सूर्यफुलाचं नावही कोणी घेईना, आणि पुढची पन्नास वर्षं व्हिक्टोरियन म्हणजे भंगार असाच हिशोब होता. १९५२ ला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं त्या काळच्या सजावटीच्या कलांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा परत नजर गेली, १९५८ ला व्हिक्टोरियन सोसायटी निघाली, मग हळूहळू संग्राहक शोधायला लागले. तोवर किती वस्तू गेल्या असतील. कारण हातात आलेला नग काळा, बारीक पायांचा, बिनकोरीव, आणि खण बाहेर ओढला की आत साधं फिकट लाकूड, मग विकणाऱ्याला वाटणारच ना की कोणीतरी साध्या कपाटाला काळं फासलंय.