माळ घातली की दारू सुटते? खान्देशात दारू सोडण्याची जुनी गोष्ट

दारू सोडायला दवाखान्यात जायचं असतं हे आपल्याकडं लोकांच्या डोक्यात शिरून फार वर्षं नाही झाली. त्याआधी सोडणं म्हणजे माळ घालणं. पंढरीची माळ घ्या, नाहीतर महानुभावांचा उपदेश घ्या, तेही नाही तर पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. आणि माळ तुटली की गावभर बोंब, "त्याचं काही खरं नाही भो". ही सवय आली कुठून ते बघायला जरा मागं जावं लागतं.

सातपुड्यात मोहाची दारू पूर्वीपासून आहेच. भिल्ल, पावरा लोकांत देवाला दारूची धार सोडल्याशिवाय कार्य होत नाही, लग्न असो की मरण असो. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं पडतात, बायापोरं पहाटे वेचायला जातात, वाळवून ठेवतात, ती खायलापण होतात. म्हणजे घरचीच वस्तू. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं ती घरची वस्तू गुन्हा केली, गाळायचा हक्क ठेकेदाराला दिला आणि महसूल सरकारला. आता जंगलातलीच दारू दुकानातून विकत घ्यायची, पैसे नसतील तर उधारीवर, मग उधारीपायी शेत नाहीतर मजुरी त्या ठेकेदाराकडं, म्हणजे सावकारही तोच. दारूचा राग आणि सावकाराचा राग इथं एकत्र झाला, असं मला वाटतं.

म्हणून १९२२ ला जे झालं ते नुसतं अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. पालघरच्या किनाऱ्याकडून देवी निघाली, लोकांच्या अंगात यायची आणि सांगायची की दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या पारशाकडं कामाला जाऊ नका. डांग, दक्षिण गुजरात आणि आपला पश्चिम खान्देश, सगळीकडं गावंच्या गावं एकदम सोडायला लागली. एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून. काही महिन्यांनी बरेच परत प्यायला लागले हेही खरं, पण गुजरातकडं जे टिकले त्यांना "वरजेला" म्हणायला लागले, म्हणजे वर्ज्य केलेले. न पिणाऱ्याला गावात एक नाव मिळालं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मग १९३८ च्या सुमारास तळोद्याकडं गुलाम महाराज नावाचे संत. आरतीला माणसं जमायची, दारू सोडायची आणि एकमेकांना "आप" म्हणायचं. ज्या भिल्लाला साहेब आणि सावकार अरेतुरे करायचे त्याला आता शेजारी "आप" म्हणतोय, दारू सोडायला याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेच बंदी आणली, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. नंतर दुकानं उघडली, पण कायदा तोच राहिला, म्हणून आजही प्यायला कागदावर परवाना लागतो (कोण काढतो ते सोडा). १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास शहाद्याकडं श्रमिक संघटनेच्या, म्हणजे आदिवासी मजुरांच्या संघटनेच्या, बायका उठल्या, गावोगाव मोर्चे काढून दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. पुढं २००८ च्या सरकारी आदेशानं आडव्या बाटलीला (म्हणजे मतपत्रिकेवरच्या बंदीच्या खुणेला) मत देऊन गावातलं दुकान बंद करायची सोय झाली. हे सगळं जबरदस्त होतंच, पण यात पिणारा माणूस एकतर पापी, नाहीतर गुन्हेगार. आजारी तो कुठंच नाही.

आणि माळेची खरी अडचण इथंच आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकादशीला माळ घातली आणि एकदम बंद केलं, तर त्याच दिवशी हात थरथरतात, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाका मारतंय असं वाटतं. दारूची सवय झालेला मेंदू दारू काढून घेतल्यावर खवळतो, म्हणून हे होतं. यात माणूस जाऊ शकतो. आमच्या गल्लीतल्या नानांना हेच झालं तेव्हा घरचे म्हणाले, "त्याले बाहेरनं लागनं," आणि भगताकडं नेलं. शेवटी डॉक्टरनं झोपेच्या जातीच्या गोळ्या मापात दिल्या, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, तेव्हा चार-पाच दिवसांत माणूस ताळ्यावर आला.

औषधाची बाजू तशी नवीच. १९४८ ला डेन्मार्कमध्ये डायसल्फिराम पुढं आलं, त्या गोळीवर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं द्यायची गोळी आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" लिहिलेलं असतं ना, त्या पुडीत काय आहे कोणाला माहिती, आणि असलं काही असेल आणि तो वरून क्वार्टर प्यायला तर जिवावर बेतेल.

महाराष्ट्रात मोठा फरक पडला १९८६ ला. मुंबई-पुण्यात गर्द (हेरॉइनच्या जातीची नशा) पसरलेलं, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी पैसा दिला, आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. सुरू झालं गर्दसाठी, पण दारूवालेपण यायला लागले, आणि आपल्याकडचे लोक रात्रीची गाडी पकडून तिकडं पोचवले जायला लागले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी व्यसनमुक्ती केंद्रं निघाली. काही चांगली, काही म्हणजे नुसतं डांबून ठेवणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणारे आजारही धरलेत आणि रुग्णाला साखळीनं बांधायला सरळ मनाई आहे. तरी २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं निघालं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, अमेरिकेत १९३५ ला निघाला आणि १९५७ मध्ये मुंबईत आला. तिथली मीटिंग मी एकदा बाहेरून बघितली, गोल बसलेले लोक, मध्ये चहा, आणि मला ती गुलाम महाराजांची आरतीच वाटली हो, एकमेकांसमोर कबूल करायचं, एकमेकांना धरून राहायचं. फरक एवढाच की माळ जन्मभराची असते आणि हे लोक फक्त आजच्या दिवसाचं बोलतात. उद्या पाय घसरला तर परवा परत येऊन बसायचं, कोणी हाकलत नाही.

नानांच्या गळ्यात माळ अजून आहे. मध्ये दोनदा तुटली. दोन्ही वेळा बायकोनं नवी ओवून दिली आणि गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवली.