डिशवॉशरमधला धुरकट ग्लास: क्षार बसलेत की काच झिजली?

डिशवॉशर घेतल्यावर काही महिन्यांत बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते: काचेचे ग्लास धुरकट दिसायला लागलेत. त्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. डिशवॉशरचं खास मीठ म्हणजे सॉल्ट भर, डिटर्जंट वाढव, ७० अंशांवर लाव. सल्ले बरोबरच असतात, पण दुखणं कोणतं ते कळल्यावर. कारण काच धुरकट होते ती दोन वेगळ्या कारणांनी. एक तर पाण्यातले क्षार काचेवर बसतात, नाहीतर काच स्वतःच झिजते. पहिल्यात काचेवर काहीतरी चढलेलं असतं, दुसऱ्यात काचेतून काहीतरी गेलेलं असतं. उपाय बरेचसे उलटे. ओळख चुकली की मोठ्या उत्साहाने उरलेल्या ग्लासांचीही वाट लागते.

ओळखायची परीक्षा सोपी आहे. एक धुरकट ग्लास खोलगट वाटीत उभा करा आणि खालचा दोन बोटं भाग बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर वाटीत ओता. वीसेक मिनिटांनी ग्लास धुवा आणि फडक्याने अगदी कोरडा करा. कोरडा करायचा कंटाळा करू नका, कारण ओला असताना दोन्ही प्रकारचे ग्लास छान पारदर्शक दिसतात. मग गडद रंगाच्या कापडापुढे धरून बघा. बुडालेला भाग लख्ख, वरचा धुरकट आणि मधे सरळ रेघ दिसली तर क्षार. काहीच फरक नसला तर झीज. थोडंसं उजळलं पण पूर्ण नाही, असं झालं तर दोन्ही आहेत.

व्हिनेगर नसेल तर स्टीलकडे बघा. क्षार भेदभाव करत नाहीत. ते ताटांवर, वाट्यांवर, मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूलाही पांढरट ठिपके सोडतात. ताटं-वाट्या चकचकीत आणि फक्त काच मळकट, तर झीजेचा संशय घ्या. झीजेच्या सुरुवातीला ग्लास तिरपा धरला की निळसर-जांभळी झाक दिसते, पुढे बारीक ओरखड्यांसारख्या रेघा येतात. ग्लासवरची रंगीत नक्षी फिकी पडणं हेही त्याच वाटेवरचं लक्षण.

या दोन्हींत न बसणारा एक प्रकार लगेच निकालात काढू. ओलं बोट फिरवल्यावर निघून जाणारा आणि खारट लागणारा थर असेल, तर सॉल्टच्या कप्प्याचं झाकण सैल आहे. घट्ट करा, विषय संपला.

आता क्षार. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरांत बहुधा हेच निघतं. पाणी जड आहे की नाही हे डिशवॉशर यायच्या आधीपासून घराला ठाऊक असतं: नळाच्या जाळीवर पांढरी खपली, गिझरच्या कॉइलवर थर, तूरडाळ शिजता शिजत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा, म्हणजे पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम, चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे पिण्याच्या मानकात बसणारं पाणीही काचेला नको तितकं जड असू शकतं. आणि हा आकडा टीडीएसच्या पेनाने मिळत नाही. ते पेन विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वेगळा नाही. कठीणपणाच्या चाचणीपट्ट्या मिळतात, त्या आणा.

मशीनच्या पोटात बहुतेक वेळा सॉफ्टनर असतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे केले जातात. सॉल्ट भांडी धुवायला नसतं, या मण्यांसाठी असतं. त्यामुळे नुसतं सॉल्ट भरून भागत नाही. पाण्याच्या कठीणपणाची सेटिंग मॅन्युअल बघून आपल्या पाण्याप्रमाणे लावावी लागते. ती शून्यावर राहिली तर कप्पा काठोकाठ भरलेला असूनही काहीच घडत नाही, आणि क्षाराच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हीच गोष्ट तपासायला सांगेन.

सॉल्ट जाड्या खड्याचंच हवं. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, शिवाय ते बारीक असल्यामुळे कप्प्यात त्याची ढेप बसते. अगदी पहिल्यांदा भरताना आधी कप्प्यात पाणी भरायचं, पुढच्या वेळी नाही. भरताना खारं पाणी बाहेर येतंच. ते पुसून लगेच एक प्रोग्राम लावायचा, नाहीतर स्टीलच्या टबाला गंज धरतो. ‘ऑल-इन-वन’ टॅब्लेटवर फार विसंबू नका. त्यातलं सॉल्टचं काम साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत (हे कठीणपणा मोजायचं एकक), म्हणजे लिटरला सुमारे ३७५ मिलिग्रॅमपर्यंतच्या पाण्याला पुरतं. त्यापुढच्या बोअरच्या पाण्याला वेगळं सॉल्ट लागतंच.

बसलेला थर काढायला मशीन रिकामं ठेवून, डिटर्जंट न घालता, ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड थोडं टाकून सगळ्यात गरम प्रोग्राम लावा. ब्लीच त्याच्या जवळपासही नको, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. रिन्स एडच्या (भांडी डाग न पडता सुकावीत म्हणून शेवटच्या पाण्यात जाणाऱ्या द्रवाच्या) कप्प्यात व्हिनेगर ओतायचा जुगाडही नको, रबरी भागांना ते मानवत नाही. फिरत्या पात्यांची भोकंही बघून घ्या. आपल्याकडे तिथे क्षारांसोबत मोहरी आणि जिरंही अडकतं. टूथपिकने निघतं.

झीज बरोबर उलट्या परिस्थितीत होते. पाणी मऊ, डिटर्जंट जास्त, तापमान चढं. डिटर्जंट अल्कलीयुक्त असतं. पाण्यात कॅल्शियम असलं तर डिटर्जंटची थोडी ताकद तिथे खर्च होते. मऊ पाण्यात ती सगळी काचेवर चालते आणि काचेतलं सिलिका हळूहळू विरघळतं. मुंबईत भातसा-वैतरणाचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या घरांनी म्हणूनच बोअरवाल्या मावशीचं ऐकून टॅब्लेटसोबत वर आणखी चमचाभर पावडर घालू नये. सोसायटीचा स्वतःचा सॉफ्टनर प्लांट असेल तर तेच, मग बाहेरचं पाणी कितीही जड असो.

झिजलेली काच परत येत नाही. व्हिनेगर, सोडा, टूथपेस्ट, काही उपयोग नाही, उगाच घासून नवे ओरखडे पडतात. हातात उरतं ते बाकीचे ग्लास वाचवणं. कठीणपणाची सेटिंग खाली आणा, काचेसाठीचा ४५-५० अंशांचा प्रोग्राम वापरा, आणि टॅब्लेट सोडून पावडर घ्या. टॅब्लेट अर्धी होत नाही, पावडर होते, एवढ्या एका कारणासाठी मऊ पाण्याच्या घरात मी पावडरच्याच बाजूने आहे. भांडी आधी नळाखाली लख्ख विसळून लावायची आपली सवयही इथे नडते. डिटर्जंटला खायला खरकटं उरलं नाही की ते काचेवर जास्त चालतं. खरकटं खरवडून टाकलं तरी पुरे. बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेला हा त्रास कमी, स्वस्तातल्या पातळ ग्लासांना जास्त, आणि नक्षीचे ग्लास हातानेच धुतलेले बरे.

मेकॅनिकला कधी बोलवायचं? पाणी जड, सेटिंग बरोबर, मशीन रोज चालतंय आणि तरी महिनोन्महिने कप्प्यातलं सॉल्ट कमीच होत नाही, तर मणी ताजे करणारा व्हॉल्व्ह उघडत नसावा किंवा कप्प्यात ढेप झाली असावी. फोनवर ‘ग्लास पांढरे होतात’ एवढंच सांगितलंत तर तो रिन्स एड बदला म्हणून फोन ठेवेल. सॉल्ट शेवटचं कधी भरलं, सेटिंग कितीवर आहे आणि व्हिनेगरने डाग जातो, हे तीन तपशील सांगा. मग त्याला मशीन उघडावंच लागेल.